केबल काढली की

खानापूर स्टँडमागं, झेरॉक्सच्या बोळात
माझं टेबल. बँकेनं टाकलेला मॉनिटर,
तीनशेला घेतलो. कीबोर्डावरचा 'ळ' रुसलेला,
बेळगाव लिहायचं तर दोनदा दाबावा लागतो.

कॉम्प्युटर कुठाय, विचारतात.
मी खिशातनं फोन काढतो, केबल खुपसतो,
आणि तळहाताएवढं ते
काचेवर पाय पसरून बसतं,
खिडक्या उघडतं, बाण सोडतं.

भरमू मेस्त्री बघतच राहिला.
"हे आतच होतं व्हय रे इतके दिवस?"
होतं की.
खरं जागा नव्हती.

त्याचा अर्ज कन्नडात लिवलो,
मराठीत वाचून दाखवलो.
मधेच, उताऱ्याच्या नंबरावर,
वीतभर अक्षरात 'आई'.
सगळ्या बोळाला ऐकू गेलं:
येताना मिरच्या आण, कांडपाला.

सहाला केबल ओढलो.
मॉनिटर म्हणाला, सिग्नल नाही.

शेवटची बस. कंडक्टर म्हणतो, एल्लिगे?
मी म्हणतो, नंदगड.
मांडीला फोन अजून गरम.
आत मेस्त्रीची जागा, चार गुंठे,
घडी घालून.