किंचित पिवळं

डॉक्टर अमीननी टेबलावर ठेवली ती नमुन्याची वाटी.
तिची जुळी शरयूच्या खुब्यात बसणार होती.
मी उचलून खिडकीकडे धरली.
पांढरीशुभ्र नव्हती.
शालूच्या आतल्या घडीसारखी, किंचित पिवळी.
"डाघ नथी, काका," ते हसले, "विटामिन ई छे."

मला सांगता?
बत्तीस वर्षं कोयलीच्या कारखान्यात
प्लास्टिकच्या दाण्यांचं म्हातारपण मोजलं मी.
एकशे नव्वद अंशांवर तापवायचे,
वरून प्राणवायू सोडायचा
आणि मिनिटं लिहायची: किती वेळ तग धरला.
औषध कमी पडलेला दाणा पहिल्या चहाआधीच ढळायचा.
शेऱ्यात मी लिहायचो, 'गेला'.
साहेब खोडून लिहायचे, 'नापास'.

पण ते पाइपांसाठी, पाण्याच्या टाक्यांसाठी.
गच्चीवरची निळी बादली
तिसऱ्या उन्हाळ्यात कडीपाशी का तडकते,
ते मला कळतं.
अंगाच्या आत कुठलं आलंय ऊन?

ऊन नाही, ते म्हणाले, पण हवा तीच.
रक्तच घेऊन येतं ती.
शिवाय शरीर परक्याला ओळखतं.
पांढऱ्या पेशी वेढा घालून बसतात,
गिळता येत नाही म्हणून
थुंकत राहतात त्याच्यावर, जळजळीत,
वर्षानुवर्षं.
मग वाटी ठिसूळ होते, तिचं पीठ पडतं,
आणि त्या पिठानं शेजारचं हाड खंगतं.

हे पिवळेपण तेवढ्यात आडवं येतं.
वाटीवरची आग आपल्या अंगावर घेतं.
एक कण खर्ची पडतो, मागे दुसरा उभा.

"आणि सगळे कण संपले की?"
रजिस्टरचा माणूस मी, विचारणारच.
डॉक्टरांनी हात हवेत हलवला.
वीस वर्षं म्हणायची होती की पंचवीस,
की फक्त पंखा बंद करायला सांगत होते,
कळलं नाही.

शरयू इतका वेळ गप्प होती,
मांडीवर लीला चिवड्याचा पुडा.
"म्हणजे लोणच्यावर तेल राहिलं पाहिजे," ती म्हणाली,
"एवढंच ना?"
बत्तीस वर्षांची नोकरी माझी,
एका बरणीत घालून झाकण लावलं तिनं.

आता संध्याकाळी सूरसागरला एक फेरी.
ती पुढे. काठी माझ्याच हातात,
तिला नको असते.
शेंगवाल्यापाशी थांबते, वळून बघते.
"अहो, मोजताय का?"
नाही, म्हणतो मी.

सत्तावीस मिनिटं झाली होती.