चौथ्या मजल्याचे दोन अंश

तळघरातला कॉम्प्रेसर दर सात मिनिटांनी दम खातो.
मग तांब्याच्या नळ्यांतून हवा चढते नऊ मजले,
भिंतींवरचे थर्मोस्टॅट बारीक सुसकारतात
आणि छतामागे कुठेतरी एक डँपर मान वळवतो.
वायर नाही, स्क्रीन नाही.
नुसत्या हवेवर चाललंय रुवीतलं हे बिऱ्हाड
माझ्याही आधीपासून.

बुथैना टॅब्लेट घेऊन आली. मालकाने नेमलेली,
माझ्या थोरल्या लेकीहून लहान.
म्हणाली, दोनच रकाने आहेत :
जपायचं, की बदलायचं.
अजून किती चालेल हे?
मी म्हटलं, इन्शाल्ला.
ती हसली. ते रकान्यात बसत नाही, अंकल.

दाखवलं तिला.
हे रबरी पडदे बनवणं कंपनीने कधीच सोडलं,
हे मी ट्रकच्या ट्यूबमधून कापलेत.
हे पितळी नॉब, मत्रामधलं हॉटेल पाडलं तेव्हाचे,
पोतंभर उचलून आणलेले.
ऑगस्टात, गच्चीवरचा पत्रा हाताला चिकटतो तेव्हा,
दोन नंबरच्या चिलरला आधी थोपटायचं, मग बटण.
ती सगळं लिहून घेत होती. थोपटायचं, हेसुद्धा.

चौथ्यावर दातांचा दवाखाना.
तिथला काटा खोटं बोलतो, दोन अंश कमी दाखवतो,
मी मनात दोन मिळवतो आणि व्हॉल्व्ह फिरवतो.

कुठे लिहिलंय हे?

कुठेच नाही.
गेल्या रमजानात मणक्यासाठी पालशेतला गेलो होतो,
अकरा दिवस लोक तिथे आ वासून घामाघूम झाले,
आणि बदलीचा पोरगा काट्याकडे बघून
सांगत राहिला, सगळं ठीक आहे.
त्याची काय चूक?

तिने टॅब्लेट माझ्याकडे सरकवला.
बाजारात न मिळणारे भाग, अशी एक यादी होती.
पडदे, नॉब, गेज, मी सांगत गेलो.
शेवटी स्वतःचं नाव घालायचा मोह झाला :
दिगंबर तांडेल, वय एकोणसाठ, चालू स्थितीत.
नाही घातलं.

'बदला' वर बोट ठेवलं.
काचेला काही कळलंच नाही. घट्टे, वर ग्रीस.
तिने ओढणीच्या टोकाने काच पुसली,
पुन्हा दाबा म्हणाली, जरा जोरात.
दाबलं.

तेवढ्यात कॉम्प्रेसर थांबला, नेहमीसारखा.
ती जायला उठली होती, पण उभीच राहिली,
आणि आम्ही दोघंही, का कोण जाणे,
तो पुन्हा सुरू व्हायची वाट बघत बसलो.