एक जून

डंडीत, धुकं काचेला नाक लावून उभं असताना
मॉर्व्हननं माझ्या कोपराच्या खळीतून तीन नळ्या रक्त काढलं.
तिचं वय फार तर तीस. हातमोजे जांभळे.
म्हणाली, पेशींत घड्याळ असतं, आम्ही ते वाचतो.

मी विचारलं, काटे कुठं असतात?

तिनं कागदावर चार अक्षरं काढली, पुन्हा पुन्हा तीच,
आणि त्यातल्या काहींच्या डोक्यावर टिंब दिलं.
अक्षरं जन्मभर तीच राहतात. टिंबं बदलतात,
कुठं चढतात, कुठं पुसली जातात.
म्हणजे अनुस्वार, माझ्या मनात आलं.
एका टिंबानं 'वश'चा 'वंश' होतो, 'रग'चा 'रंग'.
हे तिला इंग्रजीत सांगायला गेले, आणि राहू दिलं.

तीन आठवड्यांनी आकडा आला. एकसष्ट.
"तुमचं खरं वय अठ्ठावन्न," ती पडद्यावर वाचत होती,
"एक जून सहासष्ट. म्हणजे घड्याळ तीन वर्षं पुढे."
मग रात्रपाळ्यांबद्दल हळू आवाजात बोलू लागली,
वॉर्डातली बावीस वर्षं, दिवसाची झोप, जाड पडदे.

थांब बाई, मी म्हटलं. खरं कुठलं?

एक जूनला आमच्या वर्गात सगळेच जन्मले.
शेवंता, हणमा, दिगू, आणि दिगूची थोरली बहीणसुद्धा,
गुरवमास्तरांच्या टाकातून, एका दमात.
साल बहात्तर. शाळेत सुकडी मिळते
म्हणून आईनं मला पुढं ढकललं.
मास्तर म्हणाले, उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर.
माझे हात लांब. कान सापडला.
मास्तरांनी लिहिलं : सहा पूर्ण.

आईला विचारावं तर तिच्याकडं दोन गोष्टी.
"भुईकंपात तू कडंवर हुतीस, तशीच अंगणात पळाले."
आणि कधी चुलीशी बसून :
"भुईकंपात तू पोटात हुतीस. भिताड पडलं, तवा लाथ मारलीस."
दोन्ही शपथेवर.
आता तिला विचारता येत नाही.

कडेवर असेन तर घड्याळ तीन वर्षं पुढे,
पोटात असेन तर पाच.
त्यात मॉर्व्हन म्हणते, आमच्याही मोजण्यात
तीनएक वर्षं इकडंतिकडं.
पेन्शन मात्र मास्तरांच्या त्या मुलीलाच मिळणार,
अजून नऊ वर्षांनी.

आमच्याकडं म्हणतात, चार पावसाळे जास्त पाहिलेत.
तो हिशोब इथं लावला
तर मी दोनशेची.

ती हसली नाही. तुमचा नमुना वगळावा लागेल, म्हणाली,
ज्यातून वजा करायचं तोच आकडा पक्का नाही.
मग खुर्ची मागे सरकवून, आपल्याच नादात,
तिनं हात डोक्यावरून नेला. कान धरला. सहज.
"सहा पूर्ण," मी म्हटलं.

आता तुम्ही, ती म्हणाली.
माझा खांदा धरलाय,
माणसं कुशीवर वळवून वळवून.
हात टाळूपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.
आज मास्तरांनी मला घरी पाठवलं असतं, सुकडीविना.

आभार म्हणून त्यांनी वीस पौंडांचं कुपन दिलं.
त्याचा मी केक आणला, भर ऑक्टोबरात.
विश्राम बघतच राहिला. त्याचाही जन्म एक जूनचा,
त्याचे मास्तर वेगळे, तालुका वेगळा;
इतकी वर्षं आम्ही एकाच केकवर भागवलं.

"किती लावू?" त्यानं मेणबत्त्यांची डबी हलवून विचारलं.
आहेत तेवढ्या लाव, मी म्हटलं, आणि जरा लवकर,
नऊला मला वॉर्डात हजर व्हायचंय.