लाल कागदाची बॅटरी

पुंजाराम पेटीचं झाकण उचलतो.
बॅटरीला लाल जिलेटीन, माश्यांना लाल दिसत नाही म्हणे.
चांदोरीच्या शिवारात कांद्याचे गोंडे
अंधारात पांढुरके. रात्रीचे दोन.

कडेच्या फ्रेमवर म्हाताऱ्या झोपल्यात
मिशा खाली सोडून.
गोंड्यात रस कधी भरतो ते त्यांना ठाऊक;
दहा म्हणजे दहा.
मधोमध कोवळ्या माश्या
अळ्यांच्या तोंडाशी वाकतात, सरकतात,
पुन्हा वाकतात.

‘ह्यांना घड्याळ नाही,’ तो म्हणतो,
‘शेतात जायला लागल्या की लागतं.
आणि म्हातारीला परत अळ्यांवर बसवलं,
तर सुटतं.’

मी अंबडला. शिफ्ट आठवड्याला बदलते,
कार्ड पंच झाल्याचा आवाज झोपेतही येतो.
आज शनिवार, सुट्टी,
तरी डोळा लागेना
म्हणून इथवर गाडी मारली.
झाकण बसवताना त्याने बोटाने
एका माशीला आत सारलं, जपून.

पहाटे घरी आलो तर
यमुना भिंतीला टेकून, बाळ अंगावर.
किती वाजले गं, विचारलं.
ती म्हणाली, डावीकडचं झालं,
आता उजवीकडचं.