थंड कळतं

मटार शिजवायचे नाहीत.
हे लिबीनं तीनदा सांगितलं, बाहेरच्या खोलीतून,
कोचावर पाय पसरून, डोळे मिटून.
मी म्हटलं, ऐकलं.
तरी शेगडीवर पाणी ठेवलंच होतं,
ते गुपचूप मोरीत ओतलं.
"ओतलंस ना?" ती म्हणाली.

नेब्रास्कात जुलैच्या रात्री
मका वाढताना ऐकू येतो, असं लोक सांगतात.
मला बेचाळीस वर्षांत कधी आला नाही.
मला ऐकू येतो फ्रीज,
पलीकडच्या धान्यकोठाराचा पंखा,
आणि हल्ली तिचा श्वास.

गोठलेले मटार चाळणीत पडले
तसा गारांचा आवाज झाला.
दोघंही दचकलो.
एका जूनमध्ये वीस मिनिटांत
अख्खं शेत आडवं झालं होतं आमचं.
या गारा हिरव्या होत्या, एवढंच.
नळाखाली धरल्या, फडक्यावर पसरल्या,
दाणा न् दाणा सुटा होईस्तोवर
नुसता उभा राहिलो.

"आता कांदा. बारीक. तुझ्या बोटांएवढा नको."
चीजचे तुकडे मटाराएवढे.
बेकन कुरकुरीत, चार पट्ट्या.
(तळल्या पाच. पाचवीचा हिशेब कुणी मागू नये.)
"पाचवी कशी झाली?" ती म्हणाली.

मेयोनीज किती?
कार्डावर लिहिलंय: पुरेसं.
तिच्या आईचं तिरकं अक्षर, त्यावर तेलाचा डाग.
साखर: थोडी. व्हिनेगर: वास येईल इतकं.
आकडा असा एकच: माणसं चाळीस.
मी जन्मभर वजनकाट्यावर ट्रक मोजले,
पौंडाचा पौंड लावला.
पुरेसं म्हणजे किती
हे मला कुणी शिकवलं नाही.
"ढवळ," ती म्हणाली. "ऐकू दे मला."
ढवळलं.
"कोरडं आहे. अजून एक चमचा."
ढवळलं.
"अजून अर्धा... हं.
आता चमचा गप्प झाला."

मग सवयीनं चमचाभर घेऊन तिच्याकडे निघालो
आणि मधेच, गालिच्यावर, थांबलो.
फेब्रुवारीपासून तिला चव लागत नाही.
औषधांमुळं, डॉक्टर म्हणाले,
परत येईल, किंवा नाही येणार.
जिभेला हाड नसतं.
त्या माणसाच्या तर नव्हतंच.
कॉफी म्हणजे गरम पाणी, ती सांगते.
कोलाचे म्हणजे ओला कापूस.

"थांबलास काय? खा तू, आणि मला सांग.
गोड पुढं यायला नको. मागून यावं."
खाल्लं. तोंड उघडलं.
बेचाळीस उन्हाळे हेच खाऊन
माझ्याजवळ एकच शब्द निघाला: छान.
"छान काय, मायलो!
छान तर अडेला व्होत्रुबाचंही असतं,
डबाबंद मटारांचं."

पुन्हा खाल्लं, डोळे मिटून.
आधी कांदा, म्हटलं, जरा उद्धट.
मग बेकनचं मीठ, मागं धूर ठेवून जाणारं.
मग मटार फुटतो.
मग सगळं गिळून झाल्यावर
कुणी हळूच दार लोटून घ्यावं
तशी साखर.

ती बराच वेळ बोलली नाही.
"दार वाजायला हवं थोडं," म्हणाली.
"अजून चिमूटभर घाल. झाकून ठेव रात्रभर."

पहाटे तीनला स्वयंपाकघरात उजेड दिसला.
फ्रीज सताड उघडा, ती अनवाणी,
डोक्याचा रुमाल खांद्यावर उतरलेला,
चर्चच्या जेवणासाठी झाकलेल्या भांड्यावरचा कागद
एका कोपऱ्यात वर.
"थंड कळतं," भरल्या तोंडानं म्हणाली.
"फुटतं तेही कळतं.
बाकी तू सांगितलंस ते आठवत खातेय."

मी खणातून दुसरा चमचा काढला.

सकाळी अडेलाला फोन करावा लागला:
तुझं सॅलड आज जरा जास्तच आण.
हो. हो, डब्यातले चालतील.