पाहुणे : एक

विमान दोन तास दहा मिनिटं उशिरा,
म्हणजे अडीच धरा.
बाहेर सोनेगावचं ऊन पंचेचाळिसाला टेकलेलं,
आत लोखंडी खुर्च्या, सगळ्या भरलेल्या,
एकीवर कुणाची तरी बर्फीची पिशवी
ऐसपैस बसलेली.

काचेच्या दारापाशी पोरगा. छातीवर नाव : प्रज्वल.
कार्ड आहे का मॅडम? गोल्ड? प्लॅटिनम?
माझ्याकडे होतं ते आमच्या सहकारी बँकेचं,
कोपऱ्यातून सोललेलं.
मशीननं ते पाहिलं
आणि जीभ टाळूला लावून च्च् केलं,
चुलतसासू करायच्या तसं.
मग पैसे भरून जाता येईल, तो म्हणाला,
एक हजार, वर एकशे ऐंशी सरकारचे.

मी पर्स उघडली.
पाचशेच्या दोन, शंभराची एक, पन्नास, वीस, दहा,
सगळ्यांची तोंडं एका बाजूला.
तो म्हणाला, कॅश चालत नाही मॅडम.

एकतीस वर्षं मी कॅशला होते.
महाल शाखा, खिडकी नंबर दोन.
बोटाला अजून स्पंजचा ओलावा आठवतो.
शेवटी लेकीनं बंगलोरहून पाठवले,
फोनमधून फोनमध्ये,
एकही नोट न मळता.
पावतीवर छापून आलं, पाहुणे : १.

आत गार. मे महिना ही अफवा वाटावी इतकं.
खुर्ची अशी की बसलं की माणूस मागे जातो
आणि पाय जमीन शोधत राहतात.
पोहे होते, तर्री नव्हती.
तर्रीशिवायचे पोहे नागपुरात
कुणी विकत घेत असेल तर ती मी.
चहा साठ धरला तर तीन चहा,
पोहे शंभर, दहीभात दीडशे,
गुलाबजाम, जाऊ दे, पन्नास.
सातशे अजून वसूल व्हायचे होते
आणि पोटानं जाळी ओढून घेतलेली.

बाई? खिडकी नंबर दोन?

हेमराज पटले.
इतवारीत प्लॅस्टिकच्या बादल्या विकायचे.
शनिवारी चिल्लर घेऊन यायचे कापडी पिशवीत,
एक-एक रुपयाची चारशे नाणी.
एकदा त्यांच्या घड्याळात दोनला तीन मिनिटं होती
आणि माझ्या घड्याळात दोन.
मी जाळी ओढली.
ते पिशवी छातीशी धरून उभे राहिले थोडा वेळ,
मग गेले.
जिना उतरताना चिल्लर वाजत होती,
पायरीपायरीला.

आता महिन्यात चार फेऱ्या, हैदराबाद, इंदूर.
कार्ड दाखवावंही लागत नाही त्यांना,
प्रज्वल नुसती मान हलवतो.
'सांगाचं नाही का जी,' ते म्हणाले,
'माह्या कार्डावर एक पाहुणा फुकट जाते!'
कसं सांगणार होते मी, कुणाला,
आणि इतक्या वर्षांनी कुठल्या खिडकीतून?
पण त्यांना खरोखरच वाईट वाटलं
माझ्या अकराशे ऐंशींचं.
गेले, चहा घेऊन आले,
बशी दोन्ही हातांनी धरून.
चौथा.

जाळीचं ते बोलले नाहीत.
मीही नाही.
बादल्यांबद्दल बोललो बराच वेळ.
झाकणवाल्या आता जास्त खपतात,
निळ्या कुणी विचारत नाही.

भिंतीवर पाटी होती :
येथे उद्घोषणा होत नाहीत.
ज्यानं त्यानं आपली वेळ आपण पाहावी.
मी पावतीच्या चार घड्या केल्या,
पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली,
जिथं लॉकरची किल्ली असायची.
फुकट आत आले असते
तर हातात काय राहिलं असतं, देव जाणे.

चाळीस मिनिटं अजून माझ्या नावावर शिल्लक होती.
तरी उठले.
म्हटलं, तुम्ही बसा पटले, तुमचं विमान लांब आहे.
ते बसले नाहीत.
उभे राहिले, तेव्हा राहायचे तसे,
रिकामी बशी छातीशी धरून,
मी काचेच्या पलीकडे जाईपर्यंत.