टिचबटण

पाटीवर अजून अब्बांचंच नाव आहे,
जब्बार टेलर्स, इतवारा, नांदेड.
आत मी, मशीन, आणि मशीनपेक्षा जुनं एक स्टूल.
लग्नसराई संपली की माझ्याकडे मारामारीवाले येतात.

मी आयुष्यात कुणाला ठोसा मारलेला नाही.
पण कोण कसा लढतो
हे मला माप घेतानाच कळतं.

कराटेचे शुद्धोधन सर कापड आधी कानाशी नेतात.
बाही झटकली की फट् वाजली पाहिजे, म्हणतात,
वाजली म्हणजे हात सरळ गेला.
त्यांची पोरं मूठ वीतभर अलीकडे थांबवतात,
म्हणून त्यांचे सदरे फाटत नाहीत,
नुसते उन्हानं पिवळे पडतात.

तायक्वांदोवाल्यांना छाती बंद लागते,
सदरा डोक्यातून घालायचा,
आणि सगळं लक्ष खाली.
मांडीत कळी घाला चाचा, मोठी घाला,
मागल्या स्पर्धेत पाय पंचाच्या कानापर्यंत गेला,
शिवण काही तिथवर गेली नाही.

लोह्याकडचा किशन पैलवान
माळेगावच्या जत्रेआधी येतो.
लाल लंगोट, दोन. बास.
मातीत धरायला कॉलर नसते, म्हणतो,
मान धरायची, मनगट धरायचं,
आणि समोरच्याचा दम कधी तुटतो ते ऐकायचं.
त्याला माप लागत नाही.
चहा मात्र लागतो, दोन कप.

गुरबचनसिंगचा निळा चोला घेरदार,
गिरकी घ्यायला दुकान पुरत नाही.
रस्त्यावर जाऊन गतक्याची काठी फिरवून बघतो,
ऑटोवाले थांबतात.
मी विचारलं, एवढ्या कापडात पाय अडकत नाहीत?
म्हणाला, दिसत नाहीत ना, तीच तर गंमत.
काठी कुठून येणार ते पायावरून कळतं.

आणि ज्युदो.
तांदूळ पेरल्यासारखी जाड वीण,
अठरा नंबरची सुई मोडते.
कॉलरीवर पाच टिपा,
कारण तिथंच धरतात, तिथूनच फेकतात.
तीस वर्षं मी हेच शिवत आलो:
धरलं तर सुटू नये,
ओढलं तर फाटू नये.

शिवकांता ज्युदोची. अकरावीला.
एका दुपारी कॉलेजच्या ड्रेसची ओढणी घेऊन आली.
चाचा, पिनेनं टाचायला सांगतात,
मला असं करून द्या की
कुणी ओढली तर ती त्याच्याच हातात जावी.
सगळी. लगेच.
मी तिच्याकडे बघितलं, ती टेपकडे बघत होती.
धरायला मिळालं की पाडता येतं, एवढंच म्हणाली,
पाठ असलेलं म्हणावं तसं.

जन्मात पहिल्यांदा मी सुटण्यासाठी शिवायला बसलो.
हूक लावला, अडकला.
वेलक्रो लावलं, कर्रकन वाजलं, वर्ग हसला असता.
शेवटी टिचबटण,
बाळाच्या झबल्याला लावतात तसलं, दोन्ही खांद्यांना.
रात्री नफीसा ती घालून उभी राहिली, मी ओढली.
सात वेळा बरोबर सुटली.
आठव्यांदा तिनं न सांगता ढकललं,
आणि मी ओढणीसकट चिंध्यांच्या ढिगावर.
हसत म्हणाली, जमलं.

ऑगस्टात ती परत आली.
ओढणी तीच.
उजव्या खांद्याचं बटण नीट सुटलेलं,
डावीकडचं कापडासकट उपटून आलेलं.
म्हणजे तिथं माझा हात घट्ट पडला होता.
मी विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.
खाली अस्तराचा तुकडा घातला,
नवं बटण दाबून सोडून, दाबून सोडून सैल केलं,
दहा-बारा वेळा, मग अजून दोनदा.

दहा रुपये, म्हणालो.
तिनं दिले, मी घेतले.
घेतले नसते
तर विचारल्यासारखं झालं असतं.